जन्माच्या वेळचं वजन कशाला विचारतात?

अमळनेर तालुक्यातल्या एका कपाशीवाल्या भावाचं चार पानी पत्र आलंय. सगळं देणं शक्य नाही, म्हणून मुद्द्याचं तेवढं त्यांच्याच शब्दांत:

"ताई, माझं वय ५२, जन्म १९७३चा. उंची पाच फूट पाच इंच, वजन ५४ किलो. तीन वर्षांपासून शुगर आहे. आमच्या घराण्यात कोणी जाड नाही, दिवसभर शेतात राबतो, गोडाचा नाद नाही. तरी मलाच का? मागच्या महिन्यात मेडिकल कॉलेजातून दोन डॉक्टर पोरी गावात आल्या. विद्यापीठाचा अभ्यास आहे म्हणाल्या. तीन वर्षं, दर सहा महिन्यांनी येऊन रक्त द्यायचं, चरबी मोजायची. इथवर ठीक. पण फॉर्ममध्ये विचारलं, जन्माच्या वेळी तुमचं वजन किती होतं? तुम्ही पोटात असताना आईला पुरेसं खायला मिळत होतं का? माय ओट्यावरच बसलेली होती. 'तवय खावाले काय व्हतं?' एवढं म्हणून ती उठून आत गेली आणि त्या दिवशी जेवली नाही. मला राग आला, सही केली नाही. मेव्हणा म्हणतो, 'दाजी, उंदीर करतीन तुमले.' बायको म्हणते जा. पुण्याचा पोरगा मोबाइलवर आठवड्यातून एकदा घ्यायच्या इंजेक्शनचे रील पाठवत राहतो. मधे दोन महिने गोळ्या सोडून बाजारातलं चूर्ण घेतलं. कानबाईच्या सणानंतर तपासलं तर उपाशीपोटी २१०. सुनबाईला पाचवा महिना आहे, घरात तो आनंद आहे, त्यात माझं हे. या संशोधनवाल्यांचा आमच्यासारख्याला उपयोग काय? सही करू की नको?"

भाऊ,

बाकी सगळं नंतर, आधी गोळ्यांचं. उपाशीपोटी २१० हा वेचणी होईपर्यंत थांबण्यातला आकडा नाही. या आठवड्यातच तुमच्या डॉक्टरांकडे जा आणि चूर्णाची पुडी सोबत न्या, लपवू नका. ते रागावतील, रागावू द्या. सोडलेल्या गोळ्या मनाने सुरू करून भरपाई म्हणून दोनाच्या चार करू नका. ग्लिमेपिराइडसारखी गोळी घेऊन न जेवता शेतात गेलं की साखर एकदम खाली जाते आणि माणूस बांधावर आडवा होतो. तहान फार लागत असेल, ५४ वरून वजन आणखी उतरत असेल, उलट्या होत असतील, तर आठवडाही थांबू नका. चूर्णाबद्दल एवढंच सांगते की अशा काही पुड्यांत ॲलोपॅथीच्याच गोळ्या कुटून घातलेल्या सापडल्या आहेत. किती घातल्या हे ना विकणाऱ्याला ठाऊक, ना घेणाऱ्याला. सणातल्या प्रसादाच्या रोटांबद्दल मी काही बोलणार नाही. कानबाईचे रोट घरातल्यांनीच संपवायचे असतात, हे मलाही माहीत आहे.

आता तुमची माय.

ती उठून आत गेली, ते वाक्य मी तीनदा वाचलं. जन्मसाल १९७३ म्हणजे बहात्तरच्या दुष्काळात ती दोन जिवांची होती. मी तेव्हा दहा वर्षांची होते, पारोळ्याच्या बाजूला. रेशनवर लाल मिलो ज्वारी मिळायची, तिची भाकरी थापताना कडेला चिरा पडायच्या. दुष्काळी कामावर सुकडी वाटायचे, ती आम्ही पोरं फ्रॉकच्या ओच्यात घ्यायचो. खडी फोडायला बायका उन्हात बसायच्या, त्यांत पोटुशीही असायच्या. एक हात पोटाशी, एका हातात हातोडी. ज्या बाईने असे दिवस काढलेत, तिच्यासमोर, चारचौघांत, कागद-पेन घेऊन 'पुरेसं खायला मिळत होतं का' असं विचारणं हे त्या पोरींचं चुकलंच. हा प्रश्न बाजूला बसवून, पाणी पिऊन, हळू विचारायचा असतो. तुमचा राग बरोबर आहे.

पण प्रश्नही बरोबर आहे. अख्ख्या फॉर्ममध्ये तुमच्या कामाचा प्रश्न तोच एक आहे.

इंग्लंडात हर्टफर्डशायर नावाचा परगणा आहे. तिथे १९११ पासून एथेल मार्गारेट बर्नसाइड नावाच्या बाईंच्या हाताखाली सुइणी आणि परिचारिका घरोघर जात आणि प्रत्येक बाळाचं जन्माचं वजन, मग वर्षाचं झाल्यावरचं वजन मोठ्या वह्यांत टिपून ठेवत. आपल्याकडे अंगणवाडीताई करतात तसंच. त्या वह्या पुढे पडून राहिल्या. साउथॅम्प्टन विद्यापीठातल्या डेव्हिड बार्कर यांनी त्या शोधून काढल्या आणि त्यातली बाळं, आता साठी ओलांडलेली म्हातारी माणसं, पुन्हा गाठली. केंब्रिजचे निकोलस हेल्स सोबत होते. १९९१ मध्ये त्यांनी छापलं की जे पुरुष जन्मताना हलके होते, त्यांच्यात चौसष्टाव्या वर्षी साखर बिघडण्याचं प्रमाण जास्त आहे. लोक हसले. पोटातल्या उपाशीपणाचा आणि साठीतल्या साखरेचा काय संबंध?

मग हॉलंडमधून दुजोरा आला. १९४४-४५ च्या हिवाळ्यात जर्मन सैन्याने अन्न अडवल्यामुळे तिथे दुष्काळ पडला होता. त्या महिन्यांत जी मुलं आईच्या पोटात होती, ती पन्नाशीला आल्यावर ॲमस्टरडॅमच्या विद्यापीठवाल्यांनी त्यांना ग्लुकोजचं पाणी पाजून तपासलं. त्यांची साखर इतरांपेक्षा जास्त चढत होती. हे छापून आलं १९९८ मध्ये. पन्नाशी, भाऊ. तुमचं वय लिहा त्याच्या शेजारी.

होतं काय, तर पोटातल्या बाळाला अन्न कमी पडलं की ते आधी मेंदू सांभाळतं. स्वादुपिंड, स्नायू, मूत्रपिंड यांच्या वाट्याला उरलंसुरलं येतं. स्वादुपिंडात, साखर ताब्यात ठेवणारं इन्शुलिन करणाऱ्या पेशींचं भांडवल जन्मतःच कमी पडतं. तरुणपणी ते पुरतं. पन्नाशीला पुरत नाही.

एका माणसाच्या रक्तावरून 'हे बहात्तरच्या दुष्काळामुळेच' असं कोणी सांगू शकत नाही. मी तर नाहीच. आनुवंशिकता असते, तंबाखू असते, झोप असते. म्हणूनच शेकडो जणांना तोच प्रश्न विचारावा लागतो. मायचा दोष तर त्यात तिळाएवढाही नाही, हे तिला तुम्ही स्वतः सांगा. ती आत का गेली असेल याचा मला अंदाज आहे. लेकराच्या आजाराचं खापर आपल्यावर फुटतंय, असं तिला वाटलं असणार.

'आम्ही कोणी जाड नाही, मग साखर कशी?' याचं उत्तर आपल्याच राज्यात सापडलंय. पुण्याच्या केईएम रुग्णालयाचं संशोधन केंद्र आहे. तिथले डॉ. चित्तरंजन याज्ञिक यांनी १९९३ मध्ये पुण्याजवळच्या सहा खेड्यांत काम सुरू केलं. बायका गरोदर राहण्याआधीपासून त्यांचं वजन, खाणं, राबणं टिपलं, मग बाळं मोजली. बार्करांचं साउथॅम्प्टन सोबत होतंच. पुण्याकडचं बाळ सरासरी २.७ किलोचं, तिकडचं ३.५ किलोचं. एवढं तर कोणीही तराजूवर सांगितलं असतं. पण त्यांनी बाळाच्या पाठीवरची चरबीची घडीही चिमट्याने मोजली. आपल्या बाळाचे हातपाय काडीसारखे, पोट बारीक, स्नायू कमी, आणि चरबी मात्र जवळजवळ साहेबाच्या बाळाएवढी शिल्लक! वरून बारीक, आतून जाड. अशा अंगाला इंग्रजीत 'थिन-फॅट इंडियन' हे नावच पडलं.

याज्ञिकांनी २००४ मध्ये एक गंमत केली. लंडनचे डॉ. युडकिन आणि ते स्वतः असा दोघांचा शेजारी शेजारी फोटो 'लॅन्सेट' या वैद्यकीय साप्ताहिकात छापला. उंचीच्या हिशेबात दोघांचं वजन सारखं, बीएमआय दोघांचा २२.३. अंगातली चरबी मात्र युडकिन यांची ९.१ टक्के आणि याज्ञिकांची २१.२ टक्के. संशोधकाने स्वतःचंच अंग उदाहरण म्हणून दाखवावं, हे मला फार आवडलं. तुमच्या अभ्यासात चरबी मोजणार आहेत ती का, ते यावरून कळेल. वजनकाटा तुम्हाला ५४ सांगतो. त्यात मांस किती आणि चरबी किती, हे तो सांगत नाही.

तुम्ही म्हणाल, बारीक असो की जाड, गोळ्या त्याच ना? इथेच खरी गोम आहे. साखर दोन वाटांनी बिघडते. एकीत इन्शुलिन भरपूर असतं पण अंग त्याला दाद देत नाही. ही बहुतेक जाड माणसांची वाट. दुसरीत इन्शुलिनच कमी पडतं. स्वीडनच्या लुंड विद्यापीठाने २०१८ मध्ये दाखवलं की ज्याला आपण सरसकट टाइप २ मधुमेह म्हणतो त्यात असे निरनिराळे गट आहेत. मग पुणे आणि हैदराबादच्या संशोधकांनी आपल्याकडच्या कमी वयात टाइप २ झालेल्या लोकांना तीच चाळणी लावली. इथे सगळ्यात मोठा गट निघाला इन्शुलिन कमी पडणाऱ्यांचा. स्वीडनमध्ये तसं नव्हतं. म्हणजे तिकडच्या आकड्यांवर बेतलेला सल्ला, 'वजन उतरवा, कमी खा', आपल्याकडच्या काडीपहिलवानाला जसाच्या तसा लागू पडत नाही. तुम्ही कळण्याची भाकरी अर्धी करून ५४ चे ४९ झालात तर साखर थोडी उतरेल, आणि सोबत अंगातलं बळही जाईल.

वेल्लोरच्या ख्रिश्चन मेडिकल कॉलेजची गोष्ट तर अजून ताजी आहे. लहानपणी उपासमार झालेल्या, अगदी हडकुळ्या तरुणांना होणारा एक वेगळाच मधुमेह असतो, असं डॉक्टर लोक सत्तर वर्षांपासून म्हणत होते. जागतिक आरोग्य संघटनेने १९८५ मध्ये त्याला यादीत जागा दिली आणि १९९९ मध्ये पुरावा पुरेसा नाही म्हणून काढूनही टाकलं. वेल्लोरवाले डॉ. निहाल थॉमस आणि न्यूयॉर्कच्या आइन्स्टाइन मेडिकल कॉलेजच्या डॉ. मेरेडिथ हॉकिन्स यांनी ते सोडलं नाही. २०२२ मध्ये त्यांनी मोजून दाखवलं की या लोकांच्या अंगात इन्शुलिन फार कमी तयार होतं, पण टाइप १ सारखं नाही आणि टाइप २ सारखंही नाही. २०२५ मध्ये आंतरराष्ट्रीय मधुमेह महासंघाने त्याला 'टाइप ५' हे नाव दिलं. तुम्हाला साखर एकोणपन्नासाव्या वर्षी निघाली, म्हणून तुम्ही त्या चौकटीत बसाल असं मला वाटत नाही. पण सातपुड्यातल्या, धडगाव-अक्कलकुव्याकडच्या एखाद्या बावीस वर्षांच्या हडकुळ्या पोराला साखर निघाली, तर त्याच्या डॉक्टरने आता निदान थांबून विचार करावा. हा थांबून करायचा विचार प्रयोगशाळेतूनच आलाय.

मेव्हण्यांच्या उंदरांकडे वळते. मी चौतीस वर्षं पॅथॉलॉजी लॅबमध्ये तंत्रज्ञ होते, म्हणून उंदरांची बाजू मला थोडी घ्यावी लागेल. १९८६ ला लागले तेव्हा साखर लघवीत तपासायचो. परीक्षानळीत ५ मिली बेनेडिक्टचं निळंशार द्रावण, त्यात लघवीचे आठ थेंब, आणि नळी स्पिरिटच्या दिव्यावर धरायची. तोंड आपल्याकडे करायचं नाही, उसळी मारते. निळंच राहिलं तर साखर नाही. हिरवं झालं तर थोडी, पिवळं झालं तर बरीच, आणि विटकरी गाळ खाली बसला की समोरच्या माणसाचा चेहरा बघवत नसे. पण त्या नळीत एवढंच दिसायचं की या चार-सहा तासांत साखर सांडली की नाही. महिनाभर गोडधोड खाऊन तपासणीच्या आदल्या दिवशी लंघन करणारे बहाद्दर निळी नळी मिरवत घरी जायचे.

त्यांची चोरी पकडली तेहरान विद्यापीठाने. इराणचं तेहरान, हो. सॅम्युएल राहबार नावाचे डॉक्टर रक्तातल्या हिमोग्लोबिनचे विचित्र प्रकार शोधत होते. साखरेशी त्यांचं काही घेणंदेणं नव्हतं. १९६८ मध्ये मधुमेही रुग्णांच्या रक्तात त्यांना हिमोग्लोबिनचा एक पट्टा भलत्याच जागी सरकलेला दिसला. तीच तुमची एचबीएवनसी. साखर हिमोग्लोबिनला चिकटते आणि तांबडी पेशी जगते तोवर, म्हणजे साधारण १२० दिवस, चिकटलेलीच राहते. म्हणून ही तपासणी तीन महिन्यांचा हिशेब सांगते. पुढे न्यूयॉर्कच्या रॉकफेलर विद्यापीठात तिचा उपयोग उपचारांवर लक्ष ठेवायला करता येतो, हे दाखवलं गेलं. सगळा मिळून आठ-दहा वर्षांचा उद्योग. एखादी कंपनी 'इराणमधल्या रक्तात पट्टा कुठे सरकलाय' यासाठी पैसे देत बसली नसती. (नंदुरबारकडच्या वाचकांसाठी: घरात सिकलसेल हा रक्ताचा आजार असेल तर एचबीएवनसीच्या आकड्यावर डोळे झाकून भरवसा ठेवू नका. तांबड्या पेशी लवकर मरतात आणि आकडा खोटाच कमी दिसू शकतो. लॅबवाल्याला आधी सांगा. मी स्वतः असे रिपोर्ट हाताने दिलेत आणि कारण नंतर कळलंय.)

ऑक्सफर्ड विद्यापीठाच्या मोठ्या अभ्यासाचंही तसंच. १९७७ ते १९९८. नुकतीच साखर निघालेली ५१०२ माणसं, २३ रुग्णालयं, वीसेक वर्षं. प्रश्न साधा होता: साखर आवळून धरली तर डोळे, किडनी, नसा खरंच वाचतात का? तेव्हा याबद्दल मोठमोठ्या डॉक्टरांतही एकमत नव्हतं. निकाल आला, वाचतात. डोळे-किडनीसारख्या बारीक रक्तवाहिन्यांच्या गुंतागुंती चौथाईने कमी झाल्या. जाड रुग्णांमध्ये मेटफॉर्मिन या जुन्या, स्वस्त गोळीने मृत्यू कमी केले. आपण आज डोळे झाकून मेटफॉर्मिन लिहितो ते तेव्हापासून. लक्षात घ्या, जाड रुग्णांमध्ये. ५४ किलोच्या माणसाला त्या गटात घेतलंच नसतं. म्हणून मेटफॉर्मिन तुम्हाला चालत नाही असं नाही, चालते, सोडू नका. पण बारीक माणसाचं खातं त्या वहीत कोरं आहे, आणि ते इथल्याच माणसांनी भरायचंय.

त्याच अभ्यासातली एक गोष्ट तुमच्या दोन महिन्यांच्या चूर्णाला लागू आहे. अभ्यास संपल्यावर सगळ्यांची साखर हळूहळू सारखीच झाली, तरी दहा वर्षांनी पाहिलं तर ज्यांनी सुरुवातीची वर्षं साखर ताब्यात ठेवली होती त्यांना फायदा मिळतच होता. तुमचं हे तिसरंच वर्ष. हातात आहे अजून.

आणि इन्शुलिन जिथे सापडलं ते कॅनडातलं टोरांटो. ते सांगितल्याशिवाय साखरेची गोष्ट पुरी होत नाही, पण थोडक्यात सांगते. १९२१ च्या उन्हाळ्यात फ्रेडरिक बँटिंग हा शस्त्रक्रिया करणारा तरुण डॉक्टर आणि चार्ल्स बेस्ट हा विद्यार्थी, मॅक्लाउड या प्राध्यापकांच्या प्रयोगशाळेत कुत्र्यांवर काम करत होते. ११ जानेवारी १९२२ ला लिओनार्ड थॉम्पसन या चौदा वर्षांच्या, तीस किलोही न भरणाऱ्या मधुमेही पोराला त्यांनी स्वादुपिंडाचा अर्क टोचला. नीट झालं नाही. टोचलं तिथे गळू झालं, साखर जेमतेम उतरली. मग कॉलिप नावाचे जीवरसायनवाले बारा दिवस खपले, अर्क शुद्ध केला, आणि २३ जानेवारीच्या इंजेक्शनाने पोरगं सावरलं. पुढे तेरा वर्षं जगलं. शस्त्रक्रियावाला, प्राध्यापक, रसायनवाला आणि रुग्णालय हे सगळं चालत जाण्याच्या अंतरावर होतं, म्हणून पहिलं अपयश बारा दिवसांत निस्तरलं. विद्यापीठाचा उपयोग विचारता ना, तो हा. पेटंट त्यांनी विद्यापीठाला एकेका डॉलरला देऊन टाकलं. आज इन्शुलिनच्या किमती बघून बँटिंगला काय वाटलं असतं, ते जाऊ द्या.

सगळंच संशोधन असं सोन्याचं नसतं, हेही सांगायला हवं. आपल्याकडच्या फार्मसी कॉलेजांत जांभळाच्या बिया, मेथी, कारलं उंदरांना पाजून दरवर्षी प्रबंध होतात. उंदराची साखर उतरते, पोराला पदवी मिळते आणि वही कपाटात जाते. उंदरात उतरली म्हणजे माणसात उतरेल असं नसतं. मेटफॉर्मिनचं मूळही एका रानटी झाडात आहे, पण त्या झाडापासून १९५७ ला पॅरिसमध्ये माणसांवर वापर होईपर्यंत कितीतरी वर्षं आणि माणसं खपली. चूर्णवाल्याने ती मधली वर्षंच गाळलेली असतात.

सही करायची की नाही? माझं मत, करा. पण आंधळेपणाने नको. मी स्वतः एकदा तशी केली होती. मलाही एकोणीस वर्षांपासून साखर आहे. एका संस्थेच्या अभ्यासात मी रक्त दिलं, सह्या केल्या, कागद वाचला नाही. लॅबमधली बाई, तरी वाचला नाही! नंतर त्यांचं काय झालं, माझ्या रक्तात काय निघालं, कोणी पोस्टकार्डही टाकलं नाही. म्हणून माझ्या अनुभवावरून सांगते ते ऐका.

पहिल्यांदा हे विचारा की औषध देणार आहात की नुसतं बघणार आहात. तुमच्या पत्रावरून हा बघण्याचा अभ्यास वाटतो: रक्त, ग्लुकोजचं पाणी, चरबीचं माप. त्यात उंदीर व्हायचं भय फारसं नाही. हातावर सुईचा निळा डाग पडेल. नवं औषध असेल तर गोष्ट वेगळी. तेव्हा २०१९ च्या औषधचाचणी नियमांप्रमाणे त्या चाचणीमुळे इजा झाली तर उपचार आणि भरपाई त्यांच्यावर असते, आणि २००९ पासून अशा प्रत्येक चाचणीची क्लिनिकल ट्रायल्स रजिस्ट्रीत नोंद सक्तीची आहे. नोंदणी क्रमांक मागा, पोराला मोबाइलवर बघायला सांगा. ते रील बघण्यापेक्षा बरं.

माहितीपत्रक मराठीत मागा आणि घरी आणून दोन दिवस ठेवा. सही केलेल्याची एक प्रत तुमच्याकडे राहिली पाहिजे. त्यात अभ्यासाला परवानगी देणाऱ्या नैतिक समितीचा फोन असतो, तो आहे का बघा. मधेच सोडायचं ठरवलं तर कारण न देता सोडता येतं आणि त्यामुळे त्या दवाखान्यातला तुमचा उपचार अडत नाही. हे तोंडी नको, कागदावर दाखवा म्हणावं. रक्त किती वर्षं ठेवणार, परदेशात जाणार का, जनुकं तपासणार का, तेही विचारा. एसटीचं भाडं आणि बुडालेली रोजी कोण देणार, हे विचारायला लाजू नका. आणि माझी मुख्य अट: माझे रिपोर्ट मला मिळतील का, आणि कोण समजावून सांगेल? 'हो' असं लिहून दिलं तर सही करा. कारण त्यात सी-पेप्टाइड नावाची तपासणी बहुधा असेल, तीही विचारून घ्या. अंगात इन्शुलिन किती तयार होतंय याचा अंदाज त्यातून येतो. तुमच्यासारख्या बारीक माणसाला गोळ्या पुरतील की इन्शुलिन लवकर लागेल, हे ठरवायला तुमच्या डॉक्टरांना तोच कागद लागणार आहे. बाहेर पैसे मोजून करावी लागते ती.

जन्माच्या वजनाच्या रकान्यात 'माहीत नाही' लिहा. घरी, सुइणीच्या हातून झालेल्या बाळंतपणात काटा कुठून येणार? पण साल लिहा, दुष्काळ लिहा. मायला विचारायचं असेल तर तुम्ही विचारा, त्या पोरींनी नाही. ती सांगेल तेवढंच लिहा.

पुण्याच्या मुलाला सांगा की आठवड्याचं इंजेक्शन ५४ किलोच्या बापासाठी नाही. त्या घराण्यातलं पहिलं औषध गिला मॉन्स्टर नावाच्या अमेरिकेतल्या विषारी सरड्याच्या लाळेतून निघालं, गोष्ट भारी आहे, मुलाला वाचू द्या. पण त्याने भूक मरते आणि वजन उतरतं. तुम्हाला आहे ते टिकवायचंय. मुलाने त्यापेक्षा स्वतःची साखर तपासावी. बाप मधुमेही आहे, तो दिवसभर खुर्चीत बसतो. चेन्नईच्या डॉ. रामचंद्रन यांच्या अभ्यासात मधुमेहाच्या काठावरच्या लोकांनी चालणं आणि खाणं सुधारलं तर मधुमेह होण्याचा धोका २८ टक्क्यांनी कमी झाला होता.

सुनबाईचं मात्र लांबवू नका. पाचवा महिना म्हणजे साखरेच्या तपासणीची वेळ आलीच. पहिल्या भेटीत एकदा आणि २४ ते २८ आठवड्यांत पुन्हा, ७५ ग्रॅम ग्लुकोज पाजून दोन तासांनी. सासऱ्याला साखर आहे म्हणून नाही, ही तपासणी प्रत्येकच गरोदर बाईची करायची असते, सरकारी दवाखान्यात होते. १४० किंवा वर आली तर घाबरायचं नाही, दाखवायचं. पुण्याच्या त्या खेड्यांत दिसलं होतं की ज्या बायकांच्या ताटात पालेभाजी, फळं, दूध जास्त वेळा होतं, त्यांची बाळं जरा भरलेली निघाली. आपल्याकडे केळीला तोटा नाही, पोकळा-मेथीला नाही. फक्त ते ताट तिच्यापुढे सगळ्यांच्या शेवटी येऊ नये. आणि तुम्ही माळकरी असाल, मेटफॉर्मिन घेत असाल, तर तुमचं बी-१२ तपासा. ती गोळी वर्षानुवर्षं घेतली की ते उतरतं. शाकाहारी घरात सुनबाईचंही तपासून घ्या.

अभ्यासाला जाल त्या दिवशी रात्रीपासून उपाशी राहायला सांगतील. सकाळच्या गोळ्या घ्यायच्या की नाही ते आदल्या दिवशी फोन करून विचारा. पहिल्या गाडीने निघा. ग्लुकोजचं पाणी फार गोड असतं, एका दमात प्या, नाहीतर मळमळतं. मग दोन तास हलू देत नाहीत. भाकरी-भाजीचा डबा घरून न्या आणि शेवटचं रक्त काढून झालं की तिथेच बाकावर बसून खा, एसटी स्टँडवर पोचायची वाट पाहू नका.